द्विउपयोगी शिरस्त्राण

द्विउपयोगी शिरस्त्राण म्हणजे पक्का रस्ता आणि कच्ची वाट अशा दोन्ही प्रकारच्या प्रवासासाठी बनवलेले मोटारसायकलस्वाराचे शिरस्त्राण होय. बाजारात ते ड्युअल-स्पोर्ट हेल्मेट किंवा अ‍ॅडव्हेंचर हेल्मेट या नावांनी ओळखले जाते. रस्त्यावरील पूर्ण हेल्मेटची काच आणि मोटोक्रॉस शर्यतीच्या हेल्मेटचा कपाळावरील छज्जा व पुढे आलेली हनुवटीची कमान यांचा त्यात मेळ घातलेला असतो.

दोन भिन्न गरजा एकाच वस्तूने भागवायच्या असल्यामुळे या हेल्मेटच्या रचनेत तडजोड अटळ असते. ते महामार्गावर निव्वळ रस्त्याच्या हेल्मेटइतके शांत नसते आणि चिखलवाटेवर मोटोक्रॉस हेल्मेटइतके हवेशीर नसते. छज्जा, काच, हवेचे झरोके आणि वजन या बाबतींत स्वाराने आपल्या प्रवासाच्या स्वरूपानुसार कमी-अधिक पत्करावे, अशी ही तडजोड असते. मात्र डोक्याला अचूक बसणे, मान्य मानकाची पूर्तता आणि पट्टा घट्ट बांधणे या तीन बाबतींत तडजोडीला जागा नाही. कारण जीव वाचवण्याचे काम याच तीन गोष्टी करतात.

इतिहास

मोटारसायकलस्वाराच्या डोक्याचे रक्षण हा विषय आरंभी शर्यतींपुरता मर्यादित होता. १९१४ साली आइल ऑफ मॅन बेटावरील टीटी शर्यतीत स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे करण्यात आले. ती शिरस्त्राणे कॅनव्हास आणि लाख यांपासून बनवलेली होती.

या विषयाला वैद्यकीय अधिष्ठान मिळाले ते एका अपघातातून. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स यांना १३ मे १९३५ रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात मोटारसायकलचा अपघात झाला आणि १९ मे रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. त्यांच्यावरील उपचारांत सहभागी असलेले मेंदूशल्यचिकित्सक ह्यू केर्न्स यांनी पुढे या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला. १९४१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी शिरस्त्राण घातलेल्या सात अपघातग्रस्त स्वारांची नोंद केली, त्यांपैकी एकही दगावला नव्हता. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या निरोप्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये सर्वसामान्य स्वारांसाठी ही सक्ती १९७३ मध्ये आली.

अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स लोम्बार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आघाताची ऊर्जा शोषून घेणाऱ्या अस्तराची कल्पना विकसित केली. तिच्या एकस्वासाठी १९४७ मध्ये अर्ज करण्यात आला आणि १९५३ मध्ये ते मिळाले. आजचे प्रत्येक हेल्मेट याच तत्त्वावर आधारलेले आहे. संपूर्ण चेहरा झाकणारी हेल्मेटे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली.

पक्क्या आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या मोठ्या मोटारसायकलींचा काळ त्यानंतर सुरू झाला. पहिली पॅरिस-डाकार शर्यत २६ डिसेंबर १९७८ रोजी सुरू झाली. १९८० मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने आर ८० जी/एस ही गाडी आणली. तिच्या नावातील ‘जी’ आणि ‘एस’ ही अक्षरे जर्मन भाषेत अनुक्रमे खडतर भूभाग आणि रस्ता यांचा निर्देश करतात. अशा गाड्यांच्या प्रसाराबरोबर त्यांना साजेशा शिरस्त्राणाची गरज निर्माण झाली. भारतात रॉयल एनफिल्डची ‘हिमालयन’ (२०१६) आणि हिरोची ‘एक्सपल्स २००’ (२०१९) या गाड्यांमुळे हा प्रवासप्रकार मध्यमवर्गीय स्वारांपर्यंत पोहोचला.

रक्षणाचे तत्त्व

हेल्मेटचे बाहेरचे कठीण कवच डोके वाचवते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. कवच आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरवते आणि अणकुचीदार वस्तूला आत शिरू देत नाही. मेंदूपर्यंत पोहोचणारा धक्का कमी करण्याचे मुख्य काम मात्र आतील विस्तारित पॉलिस्टायरिनचे, म्हणजे आपल्या परिचयाच्या थर्माकोलच्या जातीच्या फेसाळ पदार्थाचे अस्तर करते. आघाताच्या क्षणी हे अस्तर चिरडले जाते आणि डोके थांबण्यासाठी थोडे अंतर व थोडा वेळ मिळतो.

या थोड्या अंतराचे महत्त्व साध्या गणिताने लक्षात येते. डोके सेकंदाला ७.५ मीटर वेगाने आदळले आणि एकसारख्या दराने थांबले असे समजू. ते अवघ्या ३ मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्याला गुरुत्व त्वरणाच्या सुमारे ९५० पट मंदन सोसावे लागते. तेच ३० मिलिमीटरमध्ये थांबले, तर हे मंदन सुमारे ९५ पट, म्हणजे एकदशांश होते. दोन-तीन सेंटीमीटर जाडीच्या अस्तराची किंमत ही आहे.

एकदा चिरडलेले अस्तर पूर्ववत होत नाही. म्हणून मोठ्या आघातानंतर बाहेरून धड दिसणारे हेल्मेटही निकामी झालेले असू शकते.

सरळ आघाताखेरीज तिरकस आघातही घातक असतो, कारण त्यामुळे डोके झटक्याने गिरकी घेते आणि मेंदूच्या ऊतींवर ताण पडतो. हा परिणाम कमी करण्यासाठी काही हेल्मेटांत अस्तर आणि डोके यांच्यामध्ये किंचित सरकणारा पातळ थर बसवलेला असतो. स्वीडनमध्ये विकसित झालेली ‘मिप्स’ ही अशा रचनांपैकी सर्वाधिक परिचित प्रणाली आहे.

हेल्मेटच्या उपयुक्ततेविषयी उपलब्ध अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २००८ मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्यानुसार हेल्मेटमुळे अपघातग्रस्त मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

प्रकार आणि तुलना

मिश्र प्रवास करणाऱ्या स्वारासमोर मुख्यतः चार प्रकारची हेल्मेटे असतात.

पूर्ण चेहऱ्याचे रस्त्याचे हेल्मेट: याचे कवच गुळगुळीत आणि वाऱ्याला वाट देणारे असते. काच घट्ट बसते, त्यामुळे वारा, पाऊस आणि आवाज कमी आत येतो. कच्च्या वाटेवर मंद गतीने आणि शारीरिक श्रम करत जाताना मात्र आत उकाडा होतो आणि काचेवर बाष्प धरते.

मोटोक्रॉस हेल्मेट: याला काच नसते, डोळ्यांसाठी वेगळा गॉगल लावावा लागतो. हनुवटीची कमान बरीच पुढे असल्याने श्वास मोकळा राहतो. मोठा छज्जा ऊन अडवतो आणि पुढील गाडीच्या चाकाने उडवलेली माती व खडे यांपासून बचाव करतो. महामार्गावर हाच छज्जा वारा धरतो आणि मानेला ओढ बसते. पावसातही याचा फारसा निभाव लागत नाही.

उघडझाप करता येणारे हेल्मेट: याची हनुवटीची कमान वर उचलता येते. चष्मा वापरणाऱ्यांना आणि वारंवार थांबून वाट विचारणाऱ्यांना ते सोयीचे असते. बिजागरी आणि खिट्टीमुळे त्याचे वजन सहसा अधिक असते.

द्विउपयोगी हेल्मेट: यात काच आणि छज्जा दोन्ही असतात. डोळ्यांसमोरील खिडकी रुंद असल्याने काच वर करून किंवा काढून गॉगल लावता येतो. अनेक नमुन्यांत छज्जाही काढता येतो. त्यामुळे एकच हेल्मेट तीन-चार रीतींनी वापरता येते.

समोर हनुवटीचे रक्षण नसलेले अर्धे किंवा तीन-चतुर्थांश हेल्मेट कच्च्या वाटेसाठी योग्य नव्हे. अशा वाटेवर स्वार गाडीच्या हँडलवर किंवा दगडांवर तोंडघशी पडण्याचा संभव मोठा असतो.

मानके आणि चिन्हे

भारतात दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ४१५१ हे मानक लागू आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जून २०२१ पासून या मानकाचे आयएसआय चिन्ह नसलेल्या हेल्मेटचे उत्पादन व विक्री करण्यास मनाई आहे. अस्सल चिन्हाच्या वरच्या बाजूस मानकाचा क्रमांक आणि खालच्या बाजूस सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बनावट चिन्हांची हेल्मेटेही रस्त्याकडेला विकली जातात. परवाना क्रमांक खरा आहे की नाही, हे ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर पडताळता येते.

युरोपातील ईसीई २२.०६ या मानकात सरळ आघाताबरोबर तिरकस आघाताचीही चाचणी समाविष्ट आहे. या मानकाच्या चिठ्ठीवरील ‘पी’ हे अक्षर हनुवटीची कमान संरक्षक असल्याचे, तर ‘जे’ हे अक्षर हेल्मेट उघड्या चेहऱ्याचे असल्याचे दर्शवते. उघडझाप करता येणाऱ्या हेल्मेटवर ‘पी/जे’ अशी नोंद असल्यास ते दोन्ही स्थितींत चाचणी केलेले आहे, असे समजावे. अमेरिकेतील ‘डॉट’ चिन्हासाठी उत्पादक स्वतःच अनुरूपतेची ग्वाही देतो. स्नेल प्रतिष्ठानाचे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. शर्यतीत मरण पावलेल्या एका स्पर्धकाच्या स्मरणार्थ हे प्रतिष्ठान १९५७ मध्ये स्थापन झाले.

परदेशी मानकाची हेल्मेटे कितीही चांगली असली, तरी त्यांवर आयएसआय चिन्ह नसल्यास भारतातील कायद्याची पूर्तता होत नाही. दोन्ही चिन्हे असलेले हेल्मेट निवडणे हा त्यावरील सरळ मार्ग आहे.

मानकांच्या चाचणीचा वेग पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. ईसीईच्या चाचणीत हेल्मेट लोखंडी ऐरणीवर सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगानेही आदळवले जाते. हा वेग सुमारे २.९ मीटर उंचीवरून पडल्यावर येतो. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगात असली, तरी सपाट रस्त्यावर पडताना डोके जमिनीवर ज्या वेगाने आपटते तो मुख्यतः पडण्याच्या उंचीवर अवलंबून असतो; म्हणून चाचणीसाठी अशी मर्यादा घेतलेली असते.

निवडीचे निकष

माप आणि डोक्याचा आकार

हेल्मेट निवडताना प्रथम डोक्याचे माप घ्यावे. भुवयांच्या सुमारे अडीच सेंटीमीटर वरून, कानांच्या वरून आणि डोक्याच्या मागील सर्वांत उंच भागावरून शिंप्याची टेप फिरवावी. साधारणतः ५५-५६ सेंटीमीटरला लहान, ५७-५८ ला मध्यम, ५९-६० ला मोठे आणि ६१-६२ ला अतिमोठे माप लागते. परंतु उत्पादकागणिक यात फरक असतो.

घेर सारखा असूनही डोक्याचा आकार निराळा असू शकतो. काहींचे डोके वरून पाहिल्यास गोलसर, तर काहींचे लांबट असते. हेल्मेट कपाळावर दाबते पण कानांच्या वर सैल राहते, तेव्हा माप नव्हे तर आकार जुळलेला नसतो. अशा वेळी एक माप मोठे घेणे हा उपाय नव्हे. दुसरा नमुना पाहावा.

दुकानात पुढील चाचण्या करता येतात. पट्टा बांधून हेल्मेट डावीकडे-उजवीकडे फिरवले असता गालांची व कपाळाची कातडी त्याबरोबर सरकली पाहिजे. मागच्या कडेला धरून ते वर आणि पुढे ढकलले असता डोक्यावरून निघता कामा नये. गालांवरील गाद्या नव्या असताना किंचित घट्ट असाव्यात, कारण वापराने त्या बसतात. पंधरा-वीस मिनिटे हेल्मेट घालून ठेवावे आणि काढल्यावर कपाळावर तांबडा वळ किंवा एका जागी दुखरेपणा आहे का, हे पाहावे. चष्मा लावणाऱ्यांनी तो लावूनच ही चाचणी करावी. गॉगल वापरायचा असल्यास तोही सोबत नेऊन खिडकीत बसतो का, हे तपासावे.

प्रवासाचे प्रमाण

आपला प्रवास किती टक्के डांबरी रस्त्यावर आणि किती टक्के कच्च्या वाटेवर होतो, याचा प्रामाणिक अंदाज हा निवडीचा पाया होय. पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या स्वाराचा बहुतेक प्रवास घाटरस्त्याने होतो आणि मातीची वाट शेवटच्या काही किलोमीटरांपुरती असते. अशा स्वाराला लहान छज्जाचे, घट्ट काचेचे आणि कमी आवाजाचे हेल्मेट अधिक उपयोगी पडते. दर रविवारी डोंगरवाटांवर जाणाऱ्याला मोठे झरोके, हलके कवच आणि गॉगलची सोय महत्त्वाची ठरते. लडाखसारख्या प्रवासात एकाच दिवसात गुळगुळीत रस्ता, खडी, ओढ्याचे पाणी आणि पाच हजार मीटरहून उंच खिंडीतील गारठा भेटतो. द्विउपयोगी हेल्मेटचा खरा उपयोग अशा ठिकाणी दिसून येतो.

छज्जा

छज्जा सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन अडवतो आणि मान थोडी खाली घातल्यास उडणाऱ्या मातीपासून वाचवतो. वेग वाढल्यावर तो वाऱ्याने वर उचलला जातो आणि मागे वळून पाहताना मानेला झटका देतो. छिद्रे असलेला आणि काढता येणारा छज्जा अधिक सोयीचा असतो. पडल्यावर छज्जा कवचापासून सुटावा किंवा तुटावा अशी त्याची रचना असते, जेणेकरून मान मुरगळू नये. म्हणून त्याचे प्लॅस्टिकचे स्क्रू बदलून धातूचे लावू नयेत.

काच आणि गॉगल

काचेतून आरपार स्वच्छ दिसणे आवश्यक आहे. रात्रीच्या प्रवासासाठी पारदर्शक काचच वापरावी. युरोपीय मानकानुसार अशा काचेतून किमान ८० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे. गडद काच केवळ दिवसा वापरण्याजोगी असते. बाष्प धरू नये म्हणून काचेच्या आतून दुसरी पातळ काच बसवण्याची सोय काही हेल्मेटांत असते. दोन काचांमधील बंद हवेमुळे आतील काच थंड पडत नाही. सह्याद्रीतील पावसाळी धुक्यात ही सोय फार उपयोगी ठरते. धुळीच्या वाटेवर मात्र गॉगल अधिक चांगला, कारण तो चेहऱ्याला चिकटून बसतो आणि काच उघडी ठेवून श्वास घेता येतो.

हवा, वजन आणि आवाज

झरोके हातमोजे घालूनही उघडता-मिटता यावेत. हवा आत येण्याच्या वाटांइतक्याच मागून बाहेर जाण्याच्या वाटाही आवश्यक असतात. या हेल्मेटांचे वजन सहसा दीड किलोग्रॅमच्या आसपास असते. थर्मोप्लॅस्टिकचे कवच स्वस्त पण बहुधा जड असते. काचतंतू किंवा कार्बनतंतूचे कवच हलके आणि महाग असते. जास्त किंमत म्हणजे जास्त संरक्षण असे समीकरण नाही. किमतीचा मोठा भाग वजन, सोयी आणि रंगकाम यांवर जातो. वाऱ्याचा आवाज दीर्घ प्रवासात थकवा आणतो आणि श्रवणशक्तीलाही बाधक ठरू शकतो.

पट्टा

दुहेरी कड्यांतून ओवण्याचा पट्टा आणि दात्यांचे बक्कल हे दोन प्रकार प्रचलित आहेत. पहिला प्रत्येक वेळी नेमका घट्ट बसतो. दुसरा झटपट लावता येतो, पण त्याची लांबी अधूनमधून जुळवावी लागते. कोणताही असो, बांधल्यावर पट्टा आणि गळा यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहू नये. पट्टा न बांधलेले हेल्मेट अपघातात डोक्यावर राहीलच असे नाही.

भारतातील कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ अन्वये चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकीस्वाराला, म्हणजे चालकाप्रमाणे मागे बसणाऱ्यालाही, मानकानुसार असलेले शिरस्त्राण घालणे बंधनकारक आहे. पगडी परिधान करणाऱ्या शीख व्यक्तींना यातून सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १९४-ड नुसार उल्लंघनासाठी १,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी अनुज्ञप्ती अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठीही २०२२ च्या नियमांनी हेल्मेट आणि सुरक्षापट्टा आवश्यक केला असून मूल मागे असताना गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, असे म्हटले आहे.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ व्यक्ती अपघातांत मृत्यू पावल्या. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते.

निगा आणि बदल

अस्तर आणि काच सौम्य साबण व पाण्याने स्वच्छ करावी. पेट्रोल, थिनर किंवा तीव्र द्रावक वापरल्यास थर्मोप्लॅस्टिकचे कवच आणि आतील फेस यांची हानी होते. हेल्मेट गाडीच्या आरशावर अडकवून ठेवल्यास आतील अस्तराला खळगा पडतो. कच्च्या वाटेवरील प्रवासानंतर झरोक्यांतील माती काढावी, गाद्या धुऊन सावलीत वाळवाव्यात आणि छज्जाचे स्क्रू तपासावेत. डोके आत असताना आघात झालेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. आघात झाला नसला, तरी घाम, उष्णता आणि वापर यांमुळे साहित्य झिजते. म्हणून सुमारे पाच वर्षांनी हेल्मेट बदलावे, अशी शिफारस स्नेल प्रतिष्ठान व अनेक उत्पादक करतात.

मर्यादा

कोणतेही हेल्मेट सर्व अपघातांत जीव वाचवू शकत नाही. झाड, दगडी कठडा किंवा समोरून येणारे वाहन यांवर थेट डोके आदळल्यास आघाताचा वेग चाचणीतील वेगाहून कितीतरी अधिक असू शकतो. मान, छाती आणि पाठ यांचे रक्षण हेल्मेट करत नाही. अपघातग्रस्त स्वाराच्या मानेला इजा झालेली असू शकते. म्हणून श्वास अडलेला नसेल तर त्याचे हेल्मेट ओढून काढू नये. काढणे भागच असेल, तर एकाने मान व डोके स्थिर धरावे आणि दुसऱ्याने पट्टा सोडून ते हळूहळू सरळ रेषेत काढावे.